रबरी कानाचा नकाशा आणि माझ्या नऊ वह्या

मी, हिलरी पास्कोल दोडती, वय ४९, व्यवसाय कानावर सुया लावून दुखणी बरी करणे, राहणार सांडोर, तालुका वसई, जिल्हा ठाणे, देवाला स्मरून हे लिहून ठेवतो. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. हे माझे पहिलेच मृत्युपत्र.

१. घर, केळीची वाडी आणि बँकेतील ठेव पत्नी तेरेसा हिला. आम्हाला मूल नाही. माझ्या चुलतभावांनी वाडीची मोजणी मनातल्या मनात केलीच आहे. ती त्यांनी मनातच ठेवावी.

२. दुखरा बिंदू शोधण्याची बोथट पितळी सळई, चिमटे आणि सुयांचे डबे माझी शिष्या विनिता हिला. ती सहा वर्षे उमेळ्याहून येते. सळई दाबताना ती कानाकडे नाही, माणसाच्या डोळ्यांकडे पाहते. हे शिकवून येत नाही.

३. कर्णबिंदू प्रमाणीकरण समितीचा रंगीत तक्ता अध्यक्ष श्री. चंद्रहास केळुसकर यांना परत. त्यांच्या रबरी कानाला कधी दुखलेच, तर उपयोगी पडेल.

कारण नोंदवतो. प्रत्येक बिंदूला सगळीकडे एकच नाव आणि एकच जागा हवी, म्हणून या अकरा विद्वानांनी दुकानातून रबरी कान आणला, त्याच्या पाळीवर नऊ चौकोन आखले आणि हात वर करून डोळ्याच्या दुखण्याचा बिंदू मंजूर केला. जिवंत कानाला एकानेही बोट लावले नाही. मी सभेत पाचूबंदरच्या उर्सुलामावशीला नेले. कानातल्या जड सोन्याने तिची पाळी चांगली दोन बोटे ओघळली आहे. केळुसकरांच्या मापाने डोळ्याचा बिंदू नेमका भोकात आला. म्हणजे सुई हवेत टोचायची! मी सळई त्याच्या खाली दाबली.

"दुखतंय, मावशी?"

"मेल्या, डोल्यात पानी आलं, आनि वर इचारतो!"

केळुसकर म्हणाले, "हिलरीभाऊ, हा अपवाद आहे. अपवादावर नकाशा होत नसतो."

"अपवाद कोनाला म्हनतो रे? साठ वरसं हा कान माझा हाय."

सभा हसली आणि ठराव पास झाला. ज्याने प्रत्येक कान वेगळा घडवला, त्याने या अकरा जणांना क्षमा करावी, अशी मी रोज प्रार्थना करतो. ती लवकर ऐकली जावी अशी माझी घाई नाही.

४. नऊ वह्या. बावीस वर्षांत हाताखालून गेलेला प्रत्येक कान मी त्यांत शाईने काढला आहे. समितीने त्या आपल्या तक्त्याप्रमाणे दुरुस्त करायला मागितल्या होत्या. तिला एक पानही दाखवू नये. वह्या विनिताला.

हे सांगितल्यावर ती म्हणाली, "काका, 'आगरातला गुडघा', 'थॉमसची कंबर', ही नावं तुम्हालाच कळतात. ऑपरेशनात काही झालं तर मी कुणाला विचारू?"

"सहा वर्षं काय केलंस मग?"

"कान दाखवलेत ते शिकले. वही कधी उघडलीत माझ्यासमोर?"

मी रागाने वही उघडली. हा थॉमस कोण, ते मलाच आठवेना.

नंतरचे आठ दिवस बसून प्रत्येक बिंदूशेजारी समितीने ठरवलेले नाव लिहिले आहे. विनिताने नाव त्यांचे वाचावे, सुई माझ्या जागी लावावी. ही नावे पेन्सिलीने लिहिली आहेत. शाईला हात लावू नये.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली.

हिलरी पास्कोल दोडती

आमच्या देखत सही झाली. साक्षीदार:
१. बेनेडिक्ट लोपीस, सांडोर
२. क्लेमेंटीन परेरा, सांडोर

सांडोर, शुक्रवार, २१ नोव्हेंबर २००३