एका वाक्यातले तीन शब्द

सोलापूर,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्शी,

अनेक आशीर्वाद. तू आणि मामांच्या घरची सगळी बरी असाल. इकडे आम्ही ठीक आहोत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं आणि दिवसभर घरातली धूळ दाखवत असते. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून झाले. तू बसायचीस त्या वर्गाला आता नवीन फळा लावलाय.

तुझी अम्मी गेल्याचं कळलं तेव्हा मी फोनवर दोनच मिनिटं बोलले. तेव्हाच तुमच्याकडे दुधनीला यायला हवं होतं. शाळेचं कारण सांगितलं होतं, पण त्या दिवशी रविवार होता.

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले. अम्मीच्या पेटीत सापडलेल्या चौकशी अहवालाचा फोटो पाठवून तू विचारलंस, "मॅडम, यात एकाच वाक्यात फेअर, इम्पार्शियल आणि अनबायस्ड असं लिहिलंय. तिन्हींचा अर्थ एकच ना? मग तीनदा कशाला?" नववीतही तू असेच प्रश्न विचारायचीस. फोनवर उत्तर लिहायला घेतलं आणि तीन-चार वेळा पुसलं. म्हणून कागद घेतला.

तर ऐक. तिन्ही शब्द एक नाहीत. फेअर म्हणजे रास्त, ज्याला त्याला त्याचं मिळणं. इम्पार्शियलमध्ये पार्ट आहे, म्हणजे बाजू. कुणाचीच बाजू न घेणारा तो इम्पार्शियल. आणि अनबायस्ड म्हणजे ज्याचं मन ऐकण्याआधीच कुठं कललेलं नाही असा. माणूस इम्पार्शियल असूनही फेअर नसू शकतो. हे मी वर्गात कधी शिकवलं नाही, कारण परीक्षेत तिन्हींना निःपक्षपाती लिहिलं तरी गुण मिळतात.

आणखी एक शब्द चौकशी समिती नेमताना बोलला गेला होता, तो अहवालात नाही. न्यूट्रल. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, "समितीत दिपाली मॅडमना घेऊ. त्या न्यूट्रल आहेत, आणि इंग्रजी चांगलं लिहितात."

अर्शी, तो अहवाल मी लिहिलाय. तुझ्याकडच्या प्रतीवर एकट्या अध्यक्षांची सही आहे, म्हणून तुला कळलं नाही. अम्मीनंही तुला कधी सांगितलं नसावं. नाहीतर तू अर्थ विचारायला माझ्याकडे आली नसतीस.

फाटकाचं तुला आठवत असेल. लोखंडी, सरकतं फाटक. नऊ वर्षांपूर्वी जुलै महिन्यात शाळा सुटताना ते रुळावरून निसटून आडवं पडलं आणि तिसरीतली सुकन्या खाली सापडली. तुझ्या अम्मीनं खांदा लावून एकटीनं ते उचलून धरलं, तेव्हा मुलीला ओढून काढता आलं. पाय वाचला, पण पंजा कायमचा गेला. शिपाई म्हणून फाटक अम्मीच्या ताब्यात होतं. तिनं हयगय केली, चाक खराब झाल्याचं कुणाला कळवलं नाही, असा ठपका ठेवून तिला काढलं.

तिनं कळवलं होतं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मी तिथं होते. जूनमधली गोष्ट. शहाजी सरांच्या, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये मी वेळापत्रक घेऊन बसले होते. अम्मी दारातूनच म्हणाली, "सर, फाटकाचं चाक रुळावरनं उतरतंय. मागं बी सांगितलं हुतं. एखाद्या लेकराच्या अंगावर पडंल." सर म्हणाले, शाळेची तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. अम्मी गेली, आणि आम्ही पुन्हा तासिकांचा हिशेब जुळवत बसलो.

चौकशीत सरांनी सांगितलं, मला कुणी काही बोललं नव्हतं. अम्मी उभी होती. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं, मीही नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुमी हुता की तवा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी समितीची सदस्य आहे. मला साक्ष देता येणार नाही. मला निःपक्ष राहायला हवं."

हे वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि इतकं नीटनेटकं आलं की अध्यक्षांनी मान डोलावली. अम्मीनं पदर सारखा केला. "बरं मॅडम," म्हणाली. पुन्हा तिनं माझं नाव घेतलं नाही, तिथं नाही आणि नंतरही नाही.

मला नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव तेव्हा सरांच्या टेबलावर होता. चार वर्षं तो पडून होता. सप्टेंबरात मंजूर झाला. मला कुणी धमकावलं नव्हतं, काही कबूल करून घेतलं नव्हतं. मी गप्प राहीन हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं, एवढंच.

घरी येऊन अहवाल लिहायला बसले. आधी फक्त फेअर लिहिलं होतं. वाचलं तर वाक्य उघडं वाटायला लागलं. म्हणून इम्पार्शियल घातलं. तरी भागेना, तेव्हा अनबायस्ड. तीनदा का, याचं उत्तर हे आहे.

दुसऱ्या दिवशी तू पहिल्या बाकावर होतीस. मी तास घेतला. दिवाळीनंतर तू आलीच नाहीस. तुझा दाखला न्यायला मामा आले होते.

अम्मी मला त्यानंतर एकदाच भेटली, चार वर्षांपूर्वी, मंगळवार बाजारात. मी वळून जाणार होते. तिनंच हाक मारली. आईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं, तू बारावीला इंग्रजीत पहिली आल्याचं सांगितलं. "तुमच्यामुळं," म्हणाली. ती भांडली असती तर मला घरी जाऊन रडता आलं असतं.

तुझ्या मेसेजनंतर मी दोन गोष्टी केल्या. सोमवारी संस्थेच्या कार्यालयात जाऊन माझा लेखी जबाब दिला. केबिनमध्ये काय ऐकलं, चौकशीत काय लपवलं, सगळं मराठीत, साध्या शब्दांत. कारकून घ्यायला तयार नव्हता. सचिव म्हणाले, ती बाई गेली, सर निवृत्त झाले, आता कुणाला उपयोग? मी आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय उठले नाही. माझ्यावर कारवाई होईल असं सचिवांनी सुचवलं. होऊ दे.

दुसऱ्या दिवशी सुकन्याच्या घरी गेले. ती आता बारावीत आहे, चालताना एका बाजूला झुकते. तिच्या आईला, तानाबाईंना, मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "मी तिच्या दारात जाऊन तिला शाप दिला हुता, बाई. तिच्या पोरीच्या देखत. ती नुसती खाली मान घालून उभी हुती. माझ्या लेकीला तिनंच काढलं, आणि मी तिला नाय नाय ते बोलले. आता कुणापाशी जाऊ मी?"

तू त्या वेळी तिथं होतीस हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

तानाबाईंना तुला भेटायचं आहे. तू हो म्हणालीस तरच मी तुझा पत्ता देईन.

सोबत जबाबाची शिक्का मारलेली प्रत जोडली आहे. ती अम्मीच्या कागदांत ठेव, कुणाला दाखव किंवा कोर्टात ने. जिथं नेशील तिथं मी येऊन उभी राहीन आणि विचारतील ते सांगेन. माफीबद्दल काही लिहीत नाही. जिच्याकडे मागायची ती नऊ वर्षं हयात होती, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी मागितली नाही.

यापुढे मॅडम लिहू नकोस, मला वाचवत नाही. तू काही लिहिलंच नाहीस तरी मला समजेल.

नुसती,
दिपाली