मनगटावरचा दीडशहाणा

घरच्या सरकारांना अक्काच्या घरून, दुरूनच मुजरा.

आज सकाळपासून कानात पाटीवर पेन्सिल आपटल्याचा आवाज घुमतोय. लहानपणी अक्का असाच ताल धरून माझ्याकडून कविता पाठ करून घ्यायची. आता तिला कूस बदलायलाही मी लागतो.

भाच्याने आपल्या आईच्या सेवेसाठी दोन यंत्रं पाठवली आहेत. स्वतः यायला सवड नाही. एक बोलका डबा आहे. त्याला कविता म्हणायला सांगितली, तर मेल्याने किराणा मालाची यादी वाचावी तशी वाचली. अक्कासुद्धा तोंड फिरवून म्हणाली, "छडी मार ह्याला."

दुसरं घड्याळ. सेवा करणाऱ्याची काळजी घेतं म्हणे! काल अक्काला उचलून खुर्चीत बसवत होतो, तर मनगटावर थरथरून सांगतं, "तुम्ही थकला आहात. थोडा वेळ पडून राहा." अरे दीडशहाण्या, मी पडलो तर हिला धरणार कोण, तू?

मी ठणठणीत आहे. झोप लागते, म्हणजे अधूनमधून लागते. कंबर जरा कुरकुरते, एवढंच. तू यायचं मनातसुद्धा आणू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? कुंड्यांना पाणी कोण घालतं?

दार वाजलं. बघून येतो.

दारात तू! एका हातात पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही, हे मला घड्याळाने कळवायचं का?" भाच्याने घड्याळात तुझा नंबर घालून ठेवला होता तर. चोंबडं कुठलं!

तू थेट अक्काजवळ गेलीस. आता आतून ओरडते आहेस, "लिहिणं पुरे, आडवे व्हा आधी!"

होतो.

तुझाच