विमानाचं वय

वडनेर भोलजी
९ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मले अर्धंच ऐकू येते, अन् मी बोललेलं मात्र साऱ्या गल्लीले ऐकू येते. म्हणून पत्र लिहून राह्यलो. चाळीस वर्षं इंजिनांपाशी काढली, कान तिथंच ठेवून आलो, असं तुझी आई म्हणते.

देवेशनं गुवाहाटीहून तुझ्या आईचं तिकीट पाठवलं. आरोही सूनबाईचे दिवस भरत आले, तर १४ डिसेंबरले नागपूरहून कोलकाता अन् पुढे गुवाहाटी. विमान तुझ्याच कंपनीचं. आईनं बॅग आतापासून तीनदा भरली अन् तीनदा काढली. विमानात लोणच्याची बरणी चालते का, हे ती मलेच विचारते.

पण परवा पेपरात वाचलं की तुमच्या कंपनीची बरीचशी विमानं जुनी हायेत, बाहेरच्या देशात वापरून झालेली, भाड्यानं आणलेली. मी जुन्याच गाड्यांवर पोट भरलं, त्यामुळं जुनं म्हटलं की मी भीत नाही. पण मले खरं सांग. तुमचं सगळ्यात म्हातारं विमान किती वर्षांचं? ते कोण तपासते? आईले त्यात बसवू का नको?

जेवणाची हेळसांड करू नको. बापाची आठवण पत्रापुरती तरी ठेव.
तुझा,
बाबा


हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
अश्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. इथे विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये सगळे विचारत होते की आजच्या काळात पत्र कुणाचं येतं. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं, आणि ते माझी तोंडी परीक्षा घेतायत.

तर उत्तरं. आमच्याकडे एकवीस विमानं आहेत. सगळ्यात जुनं अठरा वर्षांचं. पण विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजत नाहीत. किती तास उडालं, किती वेळा चढलं-उतरलं, हे मोजतात. वर जाताना त्याच्या पोटात हवा भरतात आणि उतरताना सोडतात. दर वेळी पत्रा किंचित ताणला जातो, किंचित सैलावतो. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर विमान आमच्याकडे येतं. आम्ही खुर्च्या, फरशी, आतली पॅनेलं सगळं काढून ते उघडं करतो. तुम्ही इंजिन उतरवून ताडपत्रीवर मांडायचात, तसंच. मग परवाना असलेल्या इंजिनिअरची सही झाली तरच ते उडतं. ती सही करणाऱ्यांत गेल्या वर्षापासून मीही आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते अठरा वर्षांचं विमान सध्या आमच्याच हँगरमध्ये उघडं पडलंय.

बरणी चालत नाही म्हणावं. लोणचं घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. थंडी सुरू झाली असेल, कानाला मफलर बांधा.

लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची,
अश्विनी


वडनेर भोलजी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. अश्विनीस,
आशीर्वाद.

पत्र चांगलं लिहिलं. दोनदा वाचलं. मी तीन प्रश्न विचारले होते, तू दोनांचीच उत्तरं दिली. आईले बसवू का नको, हे त्यात कुठंच नाही.

अन् काल देवेशचा फोन आला. तो आईले म्हणाला, ताई विचारत होती की गुवाहाटीचं रेल्वेचं रिझर्वेशन मिळते का. आईचं तोंड उतरलं. तिनं साऱ्या आळीत सांगून ठेवलं, मी विमानानं चालली म्हणून. तुले काऊन आठवली रेल्वे?

मी गॅरेजवाला माणूस आहे पोरी. गिऱ्हाईक इंजिन सोडून सीटकव्हरबद्दल बोलायला लागलं की मी समजत होतो, काहीतरी लपवून राह्यलं. लवकर लिही. मले दोन दिवसांपासून जेवण जात नाही.

तुझा,
बाबा


हैदराबाद
२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

तुमच्यापासून लपवता येत नाही हे मी विसरले होते. हे कंपनीबाहेर बोलायला मनाई आहे. वाचून पत्र कुलपात ठेवा.

त्या जुन्या विमानाच्या मागच्या दारापाशी चहा-नाश्त्याचा ओटा असतो. वर्षानुवर्षं तिथं पाणी सांडतं, झिरपतं. फरशी काढली तेव्हा खालच्या आडव्या पट्टीवर गंज सापडला. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पिठासारखा पांढरा असतो. तो खरवडून उरलेली जाडी यंत्राने मोजायची असते. मी मोजली. पुस्तकात दिलेल्या जाडीपेक्षा ती कमी भरली. पुन्हा मोजली, पुन्हा कमी. मग आमचे हँगरप्रमुख चंद्रशेखर सर यांनी मोजली. त्यांचा आकडा मर्यादेत आला.

पट्टी बदलायची तर विमान तीन आठवडे उभं राहणार आणि लग्नसराईच्या जागा भरून गेल्यात. सरांनी सांगितलं की हात हलला की यंत्र चुकतं, त्यांचा आकडा धरून सही कर. बाबा, सर वाईट माणूस नाहीत. यंत्र कसं धरायचं हे मला त्यांनीच शिकवलं. मी सही करणार नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मला नोंदींच्या खोलीत बसवलंय. सही करू शकणारे आणखी पाच जण आहेत.

ते विमान सहसा नागपूर–कोलकाता करतं. म्हणून रेल्वेचं विचारलं. आई त्यात नसली की जिवाला स्वस्थता येईल असं वाटलं होतं, ती आली नाही. माझंच मोजणं चुकलं असलं तर? रोज सकाळी वाटतं, जाऊन सही करून टाकावी आणि माझी जागा परत घ्यावी. काय करू, ते लिहा.

तुमची,
अश्विनी


वडनेर भोलजी
६ डिसेंबर २०२४

चि. अश्विनीस,
आशीर्वाद.

सही करू नको. अन् आईचं तिकीट रद्द करू नको. ती रेल्वेनं गेली तरी तिच्या खुर्चीवर कोणीतरी बसणारच. त्या दोन आकड्यांचं काय ते कागदावर लिही अन् तुझ्या सरांच्या वर जो असेल त्याले दे. नुसती सही न करून काम भागत नाही. हे मी काऊन म्हणतो ते आता सांगतो. तुझ्या आईलेही हे माहीत नाही.

तू सात वर्षांची होती. मी बुलढाण्याले एका ट्रॅव्हल्सच्या गॅरेजात हेड मिस्त्री होतो. भगवानराव ड्रायव्हर आपल्या घरी यायचा, तुले खांद्यावर बसवायचा, तुले आठवत असेल. मे महिन्यात लग्नाची गाडी निघायची होती. पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकड्रमले मले तडा दिसला. मी मालकाले सांगतलं. मालक म्हणाला, वऱ्हाड उन्हात उभं आहे, उद्या बदलू. मी वहीत 'गाडी ठीक' लिहिलं. भगवानरावले काही सांगतलं नाही. त्यानं चावी घेतली, मले हात केला अन् गेला.

राजूर घाटात गाडी कठड्यावर गेली. लग्नघरची एक बाई तिथंच गेली. भगवानरावचा पाय मोडला. ड्रायव्हरले डुलकी लागली असं लोक बोलले अन् कागदावरही तेच आलं. त्याचं लायसन गेलं. मालकानं ड्रम त्याच दिवशी भंगारात घातला. मी पाह्यलं, अन् गप्प राह्यलो. महिन्याभरानं नोकरी सोडून इथं मोटारपंप दुरुस्त करायला बसलो. तू विचारायची, बाबा बुलढाण्याले काऊन नाही जात.

तेवीस वर्षं झाली. तुझं पत्र वाचलं अन् मले लाज वाटली, अभिमानही वाटला. कोणता जास्त, ते सांगता येत नाही.

तुझा,
उत्तम (बाबा म्हणवून घ्यायले आज हात धजत नाही)


हैदराबाद
१७ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. बाबाच लिहीत जा.

तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी दोन्ही आकडे, तारखा आणि यंत्राचा नंबर लिहून सुरक्षा विभागाला अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या कोणाची सही व्हायच्या आत, बाहेरून दोन तपासनीस आले. त्यांनी बाजूचं पॅनेल काढायला लावलं. पट्टीच्या पलीकडच्या अंगालाही गंज होता. तिकडून कोणी मोजलंच नव्हतं, मीही नाही. त्यामुळे माझा आकडा बरोबर की सरांचा, हा वादच उरला नाही. दोन पट्ट्या बदलायच्या ठरल्या, विमान उभं आहे. ते उद्याच पडलं असतं असं नाही. कदाचित वर्षभर उडालं असतं. पण किती दिवस, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

आमच्याकडे कोणी माझं कौतुक केलं नाही. सर समोरून गेले तर खाली बघतात. मी अजून नोंदींच्याच खोलीत आहे आणि बदलीचं बोललं जातंय. मन थाऱ्यावर नाही, पण सही करावीशी आता वाटत नाही.

आई दुसऱ्या विमानाने साडेतीन तास उशिरा का होईना पोचली. खिडकी मिळाली. ढग वरून कापसाच्या गंजीसारखे दिसतात आणि चहा पांचट होता, एवढं सांगून फोन आरोहीकडे दिला.

बाबा, भगवानकाका कुठे आहेत?

तुमचीच,
अश्विनी


वडनेर भोलजी
२९ डिसेंबर २०२४

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

भगवानराव संग्रामपूरले आहे. मी गुरुवारी गेलतो. त्याची पिठाची गिरणी आहे. मले पाहून त्यानं ओळखलं, पट्टा सोडून गिरणी बंद केली अन् स्टूल पुढे सारलं. मी उभ्या उभ्याच सांगतलं. तडा पाह्यला, वहीत ठीक लिहिलं, तुले सांगतलं नाही.

मग त्यानं एकच विचारलं, "कोणत्या बाजूचा?"

मी म्हणालो, पुढचा डावा.

त्यानं दोन्ही हात समोर धरले, स्टीअरिंग धरल्यासारखे, अन् ते उजवीकडे ओढत नेले. पुन्हा धरले, पुन्हा ओढले. डावा ब्रेक धरला नाही तर गाडी उजवीकडेच जाते. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढत होती असं तो तेव्हा सगळ्यांले सांगत होता. कोणी ऐकलं नाही, तर शेवटी त्यालेही वाटायला लागलं की आपला डोळा लागला असेल. लायसन परत मिळत होतं तरी त्यानं घेतलं नाही. आजही तो गाडीत पुढच्या सीटवर बसत नाही.

मले वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, माझं मनगट धरलं अन् म्हणाला, "घरात चल. हेच मंजुळेसमोर बोल."

त्याची बायको मंजुळाबाई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर मी पहिल्यापासून पुन्हा सांगतलं. तिनं माझ्याकडं पाह्यलंच नाही, सारा वेळ त्याच्याकडं पाहत होती. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूले ठेवलं अन् त्याले म्हणाली, "ऐकलं ना? तुम्ही झोपले नव्हते."

तो पोरासारखा रडला. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. कोणी मले जा म्हणालं नाही, थांबही म्हणालं नाही.

तुझी आई परतली की तिले सांगणार हावो. घाटात गेलेल्या त्या बाईच्या माहेरचा पत्ता भगवानरावनं दिला आहे, रोहिणखेडचा. तिथं जायचं बाकी आहे. पाय उचलत नाही, पण जाईन.

बदली झाली तर कुठं झाली ते कळव. या बापावर आहे तेवढी माया असू दे.

तुझा,
बाबा