तेहतीसचे टायर

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

जीप आली. चार वर्षांनी माझ्या शेडमध्ये उभी आहे. माझी म्हणून नाही, कामाला म्हणून!

जावईबापू स्वतः घेऊन आले. मागून टेम्पोत चार टायर. तेहतीस इंची. उभा केला तर माझ्या मांडीला लागतो. "पप्पा, हे बसवायचेत. पंचवीस तारखेला इगतपुरीकडे क्लबचा ट्रॅक आहे. चिखल, दगड, ओढा, सगळं."

पंच्याण्णव सालची जीप. तिच्या मूळच्या टायरपुढे हे म्हणजे राक्षस. मी विचारलं, गाडी उचलायची किती? "दीड इंच. त्याच्यावर नको. जास्त उंच केली की कलंडायला बघते म्हणतात."

म्हणतात! हा माणूस बँकेत बसून कर्जाच्या फायली चाळतो. पान्हा कुठल्या बाजूने धरायचा ते ठाऊक नाही. पण बोलला ते खरं होतं. तेच जास्त टोचलं. कुणाकडून ऐकून आला कोण जाणे.

"बरं, रविराजराव," म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

७ ऑगस्ट

सकाळी नुसता तिच्याकडे बघत बसलो. सरकारी लिलावात घेतली तेव्हा नुसता सांगाडा होता. एस.टी.च्या वर्कशॉपमधून सुटलो की रोज संध्याकाळी हिच्याखाली. दोन वर्षं. मडगार्ड पत्रा ठोकून ठोकून हाताने गोल केले.

मग माझी बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, सध्या गाडी चालवायची नाही. पल्लवी म्हणाली, "पप्पा, पडून गंजेल. आमच्याकडे राहू द्या." एकुलती एक लेक. बायकोने, सिंधूनेही, मान डोलावली. गाडी नावावर करायचा कागद समोर आला, सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही — म्हणून तर राग काढायला माणूस सापडत नाही.

नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली. तोवर इंदिरानगरला त्यांच्या पार्किंगमध्ये जीप रुळली होती. परत घ्या असं कुणी म्हणालं नाही. मीही मागितली नाही.

११ ऑगस्ट, रविवार

पुढेमागे स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. दीड इंच उचलली. बरोब्बर दीड. टायर चढवले. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं — घासतंय! मडगार्डच्या मागच्या कडेला.

मग ग्राइंडर. स्वतः गोल केलेला मडगार्ड स्वतः कापला. ठिणग्या उडत होत्या आणि जावईबापू फोटो काढत होते. काढायचा, कुणाला तरी पाठवायचा, उत्तर वाचायचं, मग मला सांगायचं — "पप्पा, अजून बोटभर कापायला लागेल का?"

क्लबातला कोणीतरी शहाणा तिकडे बसून मला शिकवतोय! एकतीस वर्षं बसगाड्या उभ्या केल्या मी.

बोटभर कापायला लागलंच.

१२ ऑगस्ट

सिंधू म्हणते, "जावयाशी जरा नीट बोलत चला. तोंड बघा केवढं केलंय."

मी नीटच बोलतो. 'अहो-जाहो' करतो. अजून काय ओवाळू?

१५ ऑगस्ट, गुरुवार

अन्सार आला. इथे नाशकातच द्वारका चौकात त्याचं टायरचं दुकान, वर्कशॉपच्या दिवसांपासूनचा दोस्त. फेरी मारून बघितली, हसला.

"कारभारीभाऊ, एकतीसचे आरामात बसले असते. तेहतीस म्हणजे हट्ट."

"माझा नाही. जावयाचा."

"उभी असताना बसलेत. पण उभ्या गाडीत सगळंच बसतं! एक चाक दगडावर चढव, मग बघ."

ते मला सांगायला लागतं का? पण बरं वाटलं. निदान कुणीतरी कामाचं बोललं.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज एकटाच होतो. शेडच्या मागे दगड रचले. पुढचं उजवं चाक वर चढवलं. पाटे पार दाबले गेले, चाक मडगार्डमध्ये घुसलं. मग स्टिअरिंग डावीकडे.

अडकलं. टायर कापलेल्या पत्र्याच्या कडेत रुतला. स्टिअरिंग इकडे हलेना की तिकडे. शेवटी जॅक लावून गाडी उचलली, तेव्हा सुटलं.

उपाय सोपा आहे. चाक वर किती जाईल ते चासीखालचा रबरी ठोकळा ठरवतो. तो जाड करायचा. चाक तेवढं वर जाणारच नाही, मग अडकणार कसलं? बसच्या इंजिनखालचं जुनं रबर पडलं होतं, दुपारी त्याचे दोन ठोकळे कापले. छान झालेत. बसवायला अर्धा तास पुरे. उद्या दोघं जेवायला येणार आहेत, जेवण झालं की जावयांसमोरच बसवीन. कळू दे, काम कशाला म्हणतात.

१८ ऑगस्ट, रविवार

जेवताना विचारलं. सहजच. म्हणजे आठवडाभर मनात होतं, पण सहज विचारल्यासारखं केलं — "पंचवीसला मीही येतो. कडेला छत्री घेऊन उभा राहीन. बघतो आपली गाडी कशी चालते."

जावयाने पल्लवीकडे बघितलं. पल्लवीने भाताकडे.

"नका येऊ पप्पा," ती म्हणाली. "पाऊस, चिखल, तिथे नुसती गर्दी. तुम्हाला झेपायचं नाही."

"अगं, मी काय आजारी आहे का?"

"नको म्हटलं ना पप्पा!"

एवढ्या जोरात बोलली की सिंधूच्या हातातला डाव थांबला. जावई पाणी पीत राहिले.

गाडी माझी चालते. हात माझे चालतात. मी नाही चालत! चार लोकांत सासरा दाखवायची लाज वाटत असेल. एस.टी.तला मेकॅनिक. नखांतलं ग्रीस अजून गेलेलं नाही.

शेडकडे कुणाला नेलं नाही. लवकर झोपतो सांगून आत आलो.

२१ ऑगस्ट, बुधवार

ठोकळे बसवले नाहीत.

विसरलो नाही. मुद्दाम. खोटं लिहायचं तर ही वही कशाला?

काय होईल? चाक दगडावर चढेल, अडकेल, गाडी जागच्या जागी उभी राहील. सगळ्या क्लबासमोर. मग दोर लावून ओढतील. लोक हसतील, फोटो काढतील. काढू दे की! चिखलात वेग कुठे असतो? माणसाला काही होत नाही. फक्त नाक कापलं जाईल. मग येतील शेडवर — "पप्पा, असं कसं झालं?" तेव्हा सांगेन.

२२ ऑगस्ट

दोनदा शेडमध्ये गेलो. ठोकळे हातात घेतले. परत ठेवले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

गाडी दिली. जावयाने वाकून नमस्कार केला. "सगळं ओके ना पप्पा?"

"ओके."

२५ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून फोनची वाट बघतोय. आतापर्यंत अडकली असेल. सिंधू म्हणाली, आज बरे खुशीत दिसताय.

२६ ऑगस्ट, सोमवार

काल लिहून वही मिटली आणि फोन आला.

रविराजच होते. आवाज ओळखूच येईना. "पप्पा, गाडी उलटली." मी विचारलं, तुम्हाला लागलं का? तिकडून नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, "मला नाही. पल्लवीला. गाडी पल्लवी चालवत होती."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

नाशिकला दवाखान्यात आणलं तिला. आम्ही रिक्षाने गेलो. उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. तीन बरगड्या. कंबरेच्या हाडाला तडा. हेल्मेट होतं, वरचा लोखंडी पिंजरा होता — मीच वेल्ड केलेला — म्हणून जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, मणका थोडक्यात वाचला. हाताचं ऑपरेशन आज सकाळी झालं.

रविराज बाहेर बाकावर, चिखलाने भरलेले. बोलत सुटले. ओढ्याच्या काठाकाठाने रस्ता होता. डावीकडे वळायचं होतं. उजवं चाक दगडावर चढलं. तिने स्टिअरिंग फिरवलं, पण परत सरळ होईना. उतार होता, गाडी थांबली नाही. तशीच घसरली आणि ओढ्यात आडवी झाली. ते बाजूच्या सीटवर नव्हतेच, काठावर उभे होते. ट्रॅकवर मला गाडी लागते, म्हणाले.

"तीन वर्षं तीच चालवते, पप्पा. क्लबात तिचं नाव आहे. टायर तिनेच निवडले. दीड इंचसुद्धा तिनेच सांगितलं होतं. फोटो मी तिलाच पाठवत होतो."

"मला का नाही सांगितलं?"

खाली बघत म्हणाले, "ती म्हणायची, पप्पांनी मला आयुष्यात एकदाही त्या गाडीची चावी दिली नाही. कळलं तर परत मागतील."

आठवलं. बारावीनंतरची सुट्टी. शेडच्या दारात उभी होती, शिकवा म्हणाली. मी गाडीखालूनच बोललो होतो — हे पोरींचं काम नाही. बाहेर येऊन तोंडसुद्धा बघितलं नाही तिचं.

२८ ऑगस्ट, बुधवार

आज बोलली. आवाज बारीक झालाय. सिंधू चहा आणायला खाली गेली तेव्हा म्हणाली, "पप्पा, माझंच चुकलं. वळण उशिरा घेतलं मी. तुमची गाडी मोडली."

"आराम कर," म्हणालो.

एवढंच सुचलं मला! आराम कर!

मग डाव्या हाताने माझा हात धरला. नखं बघत राहिली. मी हात सोडवून घेतला.

२९ ऑगस्ट

उजव्या हाताच्या दोन बोटांना संवेदना नाही. येईल म्हणतात. कधी ते सांगत नाहीत.

सिंधू देवाला दोष देते. मी ऐकून घेतो.

३१ ऑगस्ट, शनिवार

आज राहवेना. दवाखान्याच्या जिन्यात रविराजना थांबवलं आणि सगळं सांगितलं. दगड रचून बघितलं होतं, चाक अडकलं होतं, उपाय तयार होता, बसवला नाही. तुमची जिरवायची होती. एका दमात बोललो. वाटलं, मारतील. मारावं असंच वाटत होतं.

ते पायरीवर बसले. मग म्हणाले —

"शुक्रवारी गाडी घरी आणली ना, तेव्हा पार्किंगमध्ये तिने खाली वाकून बघितलं होतं. म्हणाली, दाबलं गेलं की चाक इथे अडकेल असं वाटतंय. मी म्हटलं, मग लाव पप्पांना फोन. तर हसली. म्हणाली, पप्पांच्या हातून आलीये, असं कसं राहील?"