धोंडूचं गाऱ्हाणं

वेसावे, अंधेरी
९ नोव्हेंबर १९६९

ती. दादास रत्नाचा नमस्कार. वहिनीला नमस्कार सांग, पोरांना माझा पापा.

तुझं पत्र पोचलं. भात झोडून झालं, म्हैस व्यायली, वाचून बरं वाटलं. खरवसाच्या नावानं इथे नुसतंच तोंडाला पाणी सुटलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. कणकवलीच्या चंद्रप्रकाशरावांच्या स्थळाबद्दल तू विचारलं आहेस, त्याचं सविस्तर लिहिते. आधी इथली हकिकत.

आमचं विद्यापीठ नेमकं केवढं, असं वहिनीनं विचारलंय. तिला सांग, भाड्याचा दुमजली बंगला, मागे समुद्र, पुढे बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, आणि दारावर बंगल्याला न शोभणारी मोठी पाटी. आमचे भाऊराव रेशनिंग ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांनी एकदम विद्यापीठच काढलं. कॉलेज काढलं असतं तरी चाललं असतं, पण कॉलेजाला प्राचार्य असतो आणि विद्यापीठाला कुलगुरू. त्यांना ‘साहेब’ म्हटलं तर ऐकू येत नाही, ‘कुलगुरू’ म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरून ओ देतात. ते वेंगुर्ल्याचे, त्यामुळे हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळी आपल्याकडचीच माणसं, आणि पोरंही बरीचशी चाकरमान्यांची. मी ग्रंथपाल. म्हणजे दोन कपाटं आणि एक किल्ली. ती दोन्ही कपाटांना चालते आणि भाऊरावांच्या स्वयंपाकघरालाही.

आता खरं संकट असं की आम्हाला मान्यता नाही. मुलं दोन वर्षं शिकतायत ती भाऊरावांच्या शब्दावर. मान्यता मिळाली नाही तर मुलांची वर्षं फुकट आणि आमच्या नोकऱ्याही. त्यासाठीच या महिनाअखेरीस तपासणी समिती येणार आहे. तोवर भाऊराव रोज सकाळी जिन्यावर उभे राहून सगळ्यांना शिस्त शिकवतात आणि स्वतः बनियनवर असतात.

शिपाई धोंडू तुला आठवत असेल. पलीकडच्या वाडीतला, त्याचा मेहुणा आपल्या बाजारात मीठ विकतो. दर टर्मच्या सुरुवातीला तो इथे दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. तुझ्यासारखा आवाज नाही त्याचा, आणि देवाला काय सांगावं न् काय नाही याचा पोच तर मुळीच नाही. मागच्या वेळी त्यानं हेडक्लार्कांच्या मूळव्याधीचं गाऱ्हाणं घातलं. रीतीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. हेडक्लार्कांनी सर्वांत मोठ्यानं म्हटलं, आणि त्यांना उतार पडला असं ते सांगतात.

मासळीचे इथे हाल नाहीत. प्राणिशास्त्र शिकवणारे एक सहकारी इथलेच, वेसाव्याचे. त्यांची आई पुतळाबाई मासे विकते. ती अधूनमधून माझ्यासाठी कालवण पाठवते. आपल्यासारखं नाही, पण चव आहे. सहकारी तसे वयानं बरेच आहेत. उगीच आठवलं म्हणून लिहिलं.

कागद संपला. कणकवलीचं पुढच्या पत्रात.

तुझी रत्ना


वेसावे
३० नोव्हेंबर १९६९

ती. दादास नमस्कार.

हे पत्र घाईनं लिहिते आहे. कारण धोंडूचा मेहुणा तुला बाजारात भेटायच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं. तो आधीच भेटला असेल तर त्यानं सांगितलेल्यातलं अर्धं खोटं धर आणि उरलेलं इथे वाच.

तपासणी समिती बुधवारी आली. समितीचे प्रमुख विद्याधर तेंडोलकर. पुण्यात राहिलेले, भाषा इतकी शुद्ध की त्यांच्यापुढे खोकायचीही चोरी. चेहऱ्यावर माशी बसली तर तीही परवानगी घेऊन बसेल. आमची तयारी अशी: माझी दोन कपाटं दोन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली, म्हणजे ग्रंथालयाचे दोन विभाग दिसावेत. प्रयोगशाळेतल्या बरण्या रिकाम्या होत्या, त्या पुतळाबाईंनी सकाळी टोपलीतल्या मासळीनं भरून दिल्या. पापलेट, मुशी, वाकटी, सगळं ताजं. इतकं ताजं की एक खेकडा बरणीतून बाहेर आला आणि नोंदवहीवर जाऊन बसला.

भाऊरावांचा बेत असा होता की समिती यायच्या आधी गाऱ्हाणं उरकून घ्यायचं. पण समिती लवकर आली. धोंडूनं दारात नारळ धरून नुकती सुरुवात केलेली, सगळे शिक्षक, सगळी मुलं हात जोडून, आणि मोटारीतून तेंडोलकर उतरले. तुला नियम सांगायला नको, तूच गावाचं गाऱ्हाणं घालतोस. एकदा तोंडातून देवाचं नाव निघालं की नारळ फुटेपर्यंत थांबायचं नाही. भाऊरावांचा चेहरा पांढरा पडला, पण थांब म्हणायची त्यांचीही छाती झाली नाही. तेंडोलकर पायऱ्यांखाली उभे राहिले.

धोंडूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला आणखी चेव चढला. म्हणाला, “बा देवा म्हाराजा, ही जी काय मोठी माणसां तपासणीक इलेली आसत, त्येंका बरी बुद्धी दी, आणि आमच्या कॉलेजाक मान्यता मिळांदे रे म्हाराजा!”

आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा!” आणि दादा, आमच्यात एक जाड, शुद्ध आवाज होता. तेंडोलकरांचा. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं, कारण लगेच त्यांनी चष्मा काढून पुसला. तेंडोलीचं, म्हणजे आपल्याकडचंच माणूस, कुठेही राहिलं तरी लहानपणी सवय लागलेली असते. समितीतले दुसरे दोघे त्यांच्याकडे बघतच राहिले.

इथे धोंडूनं नारळ फोडायला हवा होता.

पण त्याला वाटलं, देव आज ऐकण्याच्या मूडमध्ये आहे. पुढे म्हणाला, “आणि आमच्या रत्नाबायच्या नि लहूमास्तराच्या मनात जा काय दोन वर्सां आसा, ता तडीस ने. रत्नाबायच्या भावाक बरी बुद्धी दी, आणि ह्यां लगीन गोडीगुलाबीन पार पडांदे रे म्हाराजा!”

सवयीनं सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. समितीनंही म्हटलं. खेकडा सोडला तर सगळ्यांनी. दोनच माणसं गप्प राहिली. एक मी आणि एक लहू.

आणि धोंडू थांबला. त्याचा हिशेब साधा आहे, ज्याचं गाऱ्हाणं त्यानंच व्हय म्हटलं नाही तर देवानं ऐकायचं कुणाचं? नारळ वर धरून तो वाट बघत राहिला. लहू तर आपल्याकडचा नव्हे, त्यांच्या कोळीवाड्यात नारळ समुद्राला देतात, त्यांची रीत वेगळी. ‘व्हय’ म्हणायला तो इथेच शिकला, आम्हाला हसत हसत. पण तो तेव्हा हसला नाही. एकटाच म्हणाला, “व्हय म्हाराजा.” हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, दादा. इतक्या मोठ्यानं मी उभ्या आयुष्यात काही म्हटलं नसेल. धोंडूनं नारळ फोडला आणि भाऊराव पायरीवरच बसले.

आता मागच्या पत्रातली दुरुस्ती. सहकारी वयानं बरेच आहेत असं लिहिलं होतं, ते माझ्याच वयाचे आहेत. नाव लहू, एम.एस्सी. आहे, कोळी आहे. कालवण त्याची आई अधूनमधून नाही, रोज पाठवते. आणि कणकवलीला मी जाणार नाही. चंद्रप्रकाशराव चांगले असतील, पण माझं मन तिकडे नाही. हे तुला मी स्वतः सांगायला हवं होतं. तू काय म्हणशील याची भीती वाटली, म्हणून म्हशीवर आणि बोंबलांवर पानं भरली.

तुझ्या उत्तराची वाट बघते.

रत्ना


वेसावे
२१ डिसेंबर १९६९

ती. दादास नमस्कार.

तुझं पत्र आलं. म्हशीला ताप होता तो उतरला. विहिरीला पाणी चांगलं आहे. धाकट्याला दात आला. बस्स. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पत्र, आणि त्यात मी कुठेच नाही. मी चिडले, मग हसले. आडवळणानं लिहायची सवय मला कुणाकडून लागली ते कळलं.

म्हणून मी सरळ लिहिते. मान्यता मिळाली. अट एकच, दारावरच्या पाटीवरून ‘विद्यापीठ’ हा शब्द काढायचा. तेंडोलकर निघताना भाऊरावांना म्हणाले म्हणे, की नारळासमोर शब्द गेला, आता माझाही इलाज नाही. भाऊरावांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मग त्यांनी शब्द खोडला आणि त्या जागी ‘महाविद्यालय’ लिहून घेतलं. ‘महा’ जादा मिळालं म्हणून आता खूश आहेत. हाक मात्र अजून कुलगुरू म्हणूनच मारावी लागते.

पुतळाबाई परवा माझ्या खोलीवर आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली, आत येऊन बसल्या आणि सरळ विचारलं, “तुजा भाव काय बोलला?” मी म्हटलं, अजून काही नाही. त्या म्हणाल्या, पोरीचा भाऊ मानानं येणार असेल तर आम्ही थांबू, त्याच्याशिवाय लगीन लावायचं नाही. मी त्यांना समजावलं, आमचं लग्न रजिस्टरनं होईल, कुणाची वाट बघायची गरज नाही. त्यांनी मान हलवली. लहूही आईच्याच बाजूचा. तेव्हा बघ, दादा, मी पळून जायला तयार आहे आणि पळवून न्यायला कुणी तयार नाही.

गावात लोक काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. तुला देवळात काय ऐकावं लागेल तेही ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. माझ्या शिक्षणासाठी गावाशी भांडलास. तू नसताना मला मांडवात उभं राहायचं नाही. जवळ असते तर तुझ्या पाया पडून हे सांगितलं असतं.

आपल्या वाडीत कुणाचंही लग्न असो, कुणाची गाय हरवो, गाऱ्हाणं तू घालतोस. सगळ्यांची सांगितलीस, माझं तेवढं राहिलं. म्हणून या वेळी मीच घालते, चुकलं तर सुधारून घे.

बा दादा म्हाराजा, तुझी ही एकुलती एक भैण हट्टी आसा, पण खोटी नाय. तिच्या मनासारखां होवंदे. तिच्या लग्नात तू फेटो बांधून पुढे उभो ऱ्हव, आणि वाकडां बोलतीत त्येंका तुझ्या त्या मोठ्या आवाजान गप कर रे म्हाराजा.

त्या दिवशी अंगणात सगळे होते. कुलगुरू होते, समिती होती, मुलं होती. सगळ्यांनी व्हय म्हटलं. एकच आवाज कमी होता, आणि मला तेवढाच ऐकायचा होता.

सोबत कोरं कार्ड पाठवते, पत्ता मी घातला आहे. या खेपेला म्हशीचं काही लिहू नकोस. दोन शब्द पुरेत, तुला पाठ आहेत.

नारळ हातात धरून उभी असलेली,
तुझी रत्ना