साठवलेलं मनोबल

दि. ६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. त्यात खेळातली तुझी चाल म्हणून 'पहारेकऱ्याच्या मनात डोकाव, पण जपून' एवढंच. त्यामुळे या रविवारीही आमची फौज किल्ल्याच्या लोखंडी दरवाज्यासमोर उभीच. खेळ मी चालवते, फासे माझ्या फ्रेमांच्या दुकानातल्या मेजावर पडतात, आणि सगळं अडलंय ते तुझ्या पात्रापाशी, त्या मनकवड्यापाशी. मंत्र न पुटपुटता नुसत्या मनाच्या जोरावर दार उचकटणारा, दुसऱ्याच्या मनातलं ऐकणारा आपल्यात तो एकटाच. बदली झाली तेव्हा तू पत्रानं खेळेन म्हणालास, आम्ही मान डोलावली. आता मावशी म्हणते, तिच्या तिरंदाजानं बाण पुसून पुसून त्यांची टोकं झिजवली.

बाबांची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या मध्यावर ठरली. घशातली गाठ स्वरयंत्राला चिकटली आहे, तेही काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर बस आगारात कर्ण्यावरून गाड्या पुकारलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, दरवाजा पडला की खेळातल्या त्यांच्या गदावाल्याची आरोळी त्यांना एकदा स्वतःच्या गळ्यानं द्यायची आहे. दुसरं काही मागितलं नाही.

तेव्हा चार दिवस ये आणि दरवाजा पाड. जमत नसेल तर मनकवडा मावशीच्या हवाली कर.

राग दिसतो त्याच्या दुप्पट माया समजावी.
ताई

दि. १३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मनकवडा मावशीला दिला तर ती पहिल्याच दिवशी किल्ल्यातल्या आचाऱ्याच्या मनात शिरून जेवायला काय आहे ते पाहील. पहिल्या बैठकीपासून मी त्याचं मनोबल, म्हणजे शक्ती वापरायचे गुण, राखतो आहे. दर बैठकीतलं उरलेलं पुढे ओढत एकशे चाळीसपर्यंत आणलं, ते एका दरवाज्यावर उधळू? आत किल्लेदार बसलाय. तुम्ही सगळे आडवे व्हाल तेव्हा माझीच आठवण येईल.

रजेचंही तेच. इथे शीतगृहात एक यंत्र थंड राहीना झालं की साहेब माझ्या नावानं शंख करतात. तीन वर्षं एकही दिवस न घेता रजा राखली ती अशाच वेळेसाठी. शस्त्रक्रियेनंतर बाबांजवळ माणूस लागेल, किती दिवस ते कोण सांगणार? आत्ता आरोळी ऐकायला चार दिवस घालवले तर तेव्हा काय करू? जरा समजून घे. दरवाजा कुठे पळून जात नाही.

चिडलीस तरी लोभ आटू देऊ नये.
धाकटा

दि. २० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आज त्यातले निम्मेच घे.

तुझं पत्र वाचून दिवसभर फ्रेमा ठोकल्या, दोन काचा फुटल्या. मग नियमांचं पुस्तक काढून बसले. मनकवड्याचं मनोबल झोपेनं भरतं, तेही त्याच्या मर्यादेपर्यंतच. कालचं उरलेलं आज धरत नाहीत. तुझ्या मनकवड्याची मर्यादा सतरा. म्हणजे एकशे चाळीस तुझ्याकडे कधी नव्हतेच. दर पत्राच्या तळाशी तू इतक्या सुबक अक्षरात आकडा लिहायचास की मीही तपासला नाही.

बाबांना सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, रजेचाही नियम एकदा वाचून घे म्हणावं. मी काही हसले नाही. तुझे कान उपटायचेत, तेही पत्रानंच करावं लागतंय.

बाकीचे आशीर्वाद येऊन घेऊन जा.
ताई

दि. २७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतका वैतागलो की त्या दिवशी डबा न उघडताच परत नेला. सतरा. मागच्या एका बैठकीत मावशीचा तिरंदाज दलदलीत बुडत होता तेव्हा मी हात राखला, आणि राखलेलं सकाळपर्यंत विरूनही गेलं होतं.

मग हेडक्लार्कना विचारलं. रजा डिसेंबरअखेर बुडते, पुढच्या वर्षात येत नाही. मागच्या दोन वर्षांची केव्हाच गेली. त्यांना वाटायचं की मला घरी जायची हौसच नाही. त्यांच्यावर चिडावं की स्वतःवर, ते ठरेना. या वर्षाची सगळी मांडली आहे. साहेब आदळआपट करतायत, करू देत. शनिवारी पोचतो, शस्त्रक्रिया होऊन बाबा घरी येईपर्यंत राहतो. माझ्या खुर्चीत मावशी पिशवी ठेवते असं कळलंय, ती उचलायला सांग.

भेटीत बोलशील त्यातूनही लोभ शोधून घेईन.
धाकटा

दि. २२ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझ्या घशावरची पट्टी निघाली. मी आता पाटीवर लिहून बोलतो. मावशीला चष्मा सापडेपर्यंत माझा मुद्दा शिळा होतो. परवा नळ चालू राहिलाय हे लिहीपर्यंत बादली वाहून गेली. दुखण्यापेक्षा वैताग याचाच.

तू आलास त्या रविवारच्या खेळाचं निघालं की मावशी अजून कपाळाला हात लावते. तू सतराच्या सतरा दरवाज्यावर ओतलेस, आणि मग ताईनं सांगितलं की आतून कडी लावलेलीच नव्हती. कुणी नुसता ढकलला असता तरी उघडला असता. खेळ चालवणारीनं असलं आधी सांगायचं नसतं म्हणे. तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण दरवाजा पडला आणि मी आरोळी दिली. वरच्या मजल्यावरच्या शिंप्यानं जमीन ठोकली, म्हणून पुन्हा एकदा दिली. तो आवाज गेला खरा, पण वापरून गेला.

आता मी गप्प, म्हणून ताईनं माझ्या गदावाल्यालाही मुकं केलंय. त्याच्या मनातलं ऐकणार तुझा मनकवडा. म्हणजे मी तुला लिहिणार, तू ताईला लिहिणार, मग कुठे गदा उचलली जाणार. मावशी म्हणते, तोवर किल्लेदार म्हातारपणानं मरेल. एका वाक्याला एक मनोबल पडतं. सतरा वाक्यं मला पुष्कळ झाली, आगारात याहून थोडक्यात गाड्या सोडल्यात.

नव्या वर्षाची रजा हाती आली की ये. तोवर वेळेवर झोपत जा. तू झोपलास तर तुझा मनकवडा झोपेल, आणि सकाळी मला बोलता येईल.

जीव आहेच, पत्रापत्रानं घेत राहा.
बाबा