वजनाची ओळ

प्रिय लुबेगा,

तू जिंजाच्या शाळेत गणित शिकवतोस, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. मुलं तुला घाबरतात म्हणे. मला हसूच आलं. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देते आहे. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

कंपालात न्तिंदाचं आपलं ऑफिस आहे तसंच आहे. कोपऱ्यावरचा रोलेक्सवाला चपातीत अंडं गुंडाळता गुंडाळता अजून विचारतो, "तो जास्तीच्या मिरच्या मागणारा कुठे गेला?" मी विषय बदलते.

तू गेलास आणि चौकशी दोन दिवसांत गुंडाळली. किटगुमच्या दवाखान्यातल्या लामुनू सिस्टरनी आठ महिन्यांच्या बाळाचा मलेरियाचा डोस स्क्रीनवर पाहिला आणि सुई तशीच खाली ठेवली, म्हणून बाळ वाचलं. डोस मोठ्या माणसाचा होता. बाळाचं वजन भरायचं राहिलं होतं आणि आपल्या प्रोग्रामने आधीच्या रुग्णाचं वजन धरलं होतं. तसं करायला सांगणारी ओळ ज्या फाइलमध्ये होती, तिच्यावर नाव तुझं. "मी फाइल फक्त हलवली, ती ओळ माझी नाही," एवढंच तू म्हणालास. चौकशी घेणाऱ्या नाबुकेन्या मॅडमना ते पटलं नाही. मी तुझ्या शेजारीच बसले होते, टेबलाकडे बघत.

नंतर मॅडमनी मला सांगितलं, "हीच चूक आणखी कुठे आहे ते शोध." आपला कोड साठ रेपोंत, साठ वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्यासारखा. 'वजन' शोधलं तर चार हजार ओळी समोर आल्या. तेव्हा तुझं जुनं बोलणं आठवलं: "नाव काय पुकारतेस? गावात शंभर मुकासा असतील. त्याच्या घरी कोण येतं-जातं ते बघ." मग मी डोस काढणारा कोडचा तुकडा धरला आणि त्याला कुठून कुठून बोलावलं जातं ते एकेक करून पाहत गेले. लसीकरणातून, बाळंतिणींच्या नोंदीतून, निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यातून. अकरा ठिकाणं निघाली. अकराही मी स्वतः दुरुस्त केली आणि लामुनू सिस्टरना फोनवर धरून प्रत्येक स्क्रीन तपासून घेतली. आता वजन नसेल तर डोस दिसतच नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता तुमचं यंत्र शहाणं झालं. इतके दिवस मलाच शहाणं राहावं लागत होतं."

काम तिथे संपलं होतं. पण त्या फाइलचा इतिहास तू ती हलवलीस त्याच दिवसापासून सुरू होत होता, त्याआधी काहीच नाही. ती ज्या जुन्या रेपोतून आली, तो बंद करून ठेवलेला, आपला शोध तिथे पोचतच नाही. मॅडम म्हणाल्या, "दुरुस्त झालं ना? मग गाडलेलं मढं कशाला उकरतेस?" मी आपल्या टीममधल्या ओकिरोरच्या मागे लागून तो उघडून घेतला. शोधलं, तर एकच ओळ सापडली, तीच, आधीच्या रुग्णाचं वजन धरणारी.

सहा वर्षांपूर्वीची. वर टीप होती, "तात्पुरतं, नंतर काढायचं." आणि नाव माझं, नोकरीच्या पहिल्या महिन्यातलं. खरं सांगते, चौकशीच्या दिवशी मॅडमनी ती ओळ प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवली तेव्हाच मला ती ओळखीची वाटली होती. ती मुळात कुणी लिहिली, हे मी तिथेच विचारू शकले असते. गप्प बसले, आणि तू बॅग उचलून निघून गेलास. सोमवारी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर मी सगळं सांगितलं. अहवाल बदलला आहे. टीम आता माझ्याऐवजी ओकिरोर सांभाळतो, मी त्याच्या हाताखाली काम करते, आणि बरं करते. मॅडमचं माफीचं आणि नोकरीचं पत्र तुला येईल. ते येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. परत यायचं की नाही ते तू ठरव. पण कंपाला का सोडलंस असं तिथे कुणी विचारलं, तर यापुढे माझं नाव सांग.

तुझीच,
नाम्पिज्जा